म्हणजे?

बार्रिया मेस्त्री पेन्सिल कानावर खोचायचा
आणि तिथेच राहू द्यायचा.
गिऱ्हाईक सांगतंय, हा ऐकतोय,
किटलीची वाफ खिडकीवर चढत चाललीय,
कागद कोराच.
तोवर माझं अर्धं पान भरलेलं.

नवी होते तेव्हा. दाल्कावेच्या धक्क्यामागे, खांबांवर उभी शेड,
भरती आली की फळ्यांखाली पाणी चुळबुळायचं,
आणि मला वाटायचं, ऐकणं म्हणजे
नंदीबैलासारखी मान हलवत राहणं.
हो, हो, समजलं, हो.

असल्याच एका "समजलं"मधून
मी एक खिडकी केली होती, डावीकडे उघडणारी.
बाई डावीकडेच म्हणाली होती.
पण ती बोलत होती रस्त्यावर उभी राहून
आणि मी होते तिच्या स्वयंपाकघरात.
ती खिडकी आमच्या भिंतीला टेकून राहिली, काचेसकट.
मेस्त्रीनं ती विकली नाही, जाळली नाही,
तिच्यावरून मला एका शब्दानं बोलला नाही.
चहा प्यायला मात्र रोज तिच्यासमोर बसायचा.

ओतिलिया कार्कामो आली ऑगस्टात,
गमबुटांतून पाणी निथळत.
"दार हवंय. सरूचं. जुनं होतं तसंच."
"तसंच म्हणजे?"
"आत उघडणारं."
"म्हणजे बाहेरून येणाऱ्यानं ढकलायचं."
"हो."
"तुमचं दार उत्तरेला ना?
पाऊस आणणारा वाराही तिकडूनच ढकलणार."
"ढकलायचाच. नवरा पाठ लावून उभा राहायचा,
मी अडसर घालायचे."
"म्हणजे लावायला दोघं लागायची,"
मेस्त्री म्हणाला, इतक्या हळू,
की विचारतोय का मोजतोय, कळेना.
"आता किती आहात?"

ओतिलिया स्टोव्हकडे बघत राहिली.
मी "आत" लिहून खाली रेघसुद्धा मारली होती.

"नाही," ती म्हणाली.
"तुम्ही बरोबर ऐकलंत. मीच चुकीचं सांगितलं.
बाहेर उघडू दे. वाराच लावून घेईल."

पैसे देताना माणूस घाईत असतो,
सुटे परत घेताना मोजतो.
बोलण्याचंही तसंच असावं.

"उंबरठा?"
"होता तेवढा."
"तेवढा म्हणजे, इथवर?" त्यानं नडगीशी हात धरला.
"खाली."
"इथवर?"
"अजून. गुडघा उचलत नाही आता."
मेस्त्री वाकत वाकत फळीला टेकला.
"हां. तिथं."

मग मला वाटलं, आपणही काही विचारावं.
खरं तर काही अडलं नव्हतं,
मेस्त्रीला दिसावं, एवढंच.
"कडी आतून?"
"आतून."
"फक्त आतून?"
तोंडातून गेलं, आणि कान तापले.
एकट्या बाईच्या दाराला कडी आणखी कुठून असणार!

ती लगेच बोलली नाही.
खाली पाणी एका खांबाशी लागलं, दुसऱ्याशी लागलं.
"नाही," म्हणाली. "बाहेरूनही उघडली पाहिजे.
एखाद्या सकाळी मी दार नाही उघडलं,
तर शेजारच्या पोरानं काय कुऱ्हाड आणायची?"

यावर मेस्त्रीनं "म्हणजे?" म्हटलं नाही.
कानावरची पेन्सिल काढली,
टोक जिभेला लावलं, लिहिलं.
बराच वेळ लिहिलं, एवढ्याशा गोष्टीला.
मग घसा खाकरून, नेहमीच्या आवाजात:
"पितळी कडी, दोन्हीकडून उघडणारी. तिचे पैसे वेगळे."

"वेगळे म्हणजे," ओतिलियानं विचारलं,
"किती?"